उजव्याचं डाव्याला कळतं तेव्हा : वाढतं वय आणि दोन हातांचा मेळ

त्या पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांचं वय ७४ होतं. सोबत मुलगी होती आणि पिशवीत कापडाचे चार तुकडे. चारही तुकड्यांवर खडूची सरळ रेष आखलेली, आणि चारही ठिकाणी कात्री रेष सोडून उजवीकडे गेलेली. कापलेली कड गुळगुळीत नव्हती. जिथे जिथे कात्री मिटली तिथे तिथे एक बारीक पायरी पडली होती. "पन्नास वर्षं कापड कापतेय, असं कधी झालं नाही," त्या म्हणाल्या. "उजव्या हातातली पकडच गेली बघा."

हे प्रकरण सविस्तर मांडायचं कारण म्हणजे त्यांच्या उजव्या हाताची पकड गेलेली नव्हती. एकेकटा तपासला तर त्यांचा कुठलाच हात बिघडलेला नव्हता. बिघाड दोन हातांच्या मधल्या समजुतीत होता, आणि आमच्या नेहमीच्या तपासणीत तो दिसत नाही. मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट म्हणून ज्येष्ठांच्या हातांवर काम करते. पहिल्या दिवशी मलाही तो दिसला नाही. रुग्णाची ओळख पटेल असे तपशील इथे गाळले आहेत.

तक्रार

दोन-अडीच वर्षांत हे हळूहळू वाढत गेलं होतं. आधी बाहीच्या कफचं बटण लागेना, मग घट्ट झाकणाची बाटली उघडताना झाकणाऐवजी बाटलीच फिरू लागली. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया होऊन दृष्टी स्वच्छ झाली होती, तरी सुई ओवताना दोरा आणि सुई दोन्ही एकदम हलायचे. कात्रीचं दुखणं सगळ्यांत शेवटी आलं, पण मनाला लागलं तेच.

मुलीने सांगितलेली एक गोष्ट मी वहीत टिपली, पण तेव्हा तिचा अर्थ मला लागला नाही. आईची हातशिलाई अजून जशीच्या तशी आहे, तुरपाईचे टाके आजही एकसारखे पडतात, असं ती म्हणाली होती. पकड गेली असेल तर तुरपाई कशी टिकली, हा प्रश्न मी त्याच दिवशी विचारायला हवा होता.

कुणीतरी सुचवलं म्हणून त्या चार महिने रबरी चेंडू दाबत होत्या. फरक शून्य.

आधी काय वगळलं

"वय झालं" म्हणण्याआधी बऱ्याच गोष्टी तपासाव्या लागतात, आणि याबाबतीत घाई मला अजिबात सहन होत नाही. बटण लागत नाही ही तक्रार मानेतल्या मज्जारज्जूवर दाब आल्याची पहिली खूण असू शकते. म्हणून त्यांना १० सेकंदांत मूठ जितक्या वेळा उघडता-मिटता येईल तितकी करायला सांगितली. निरोगी माणसाची साधारण २० वेळा होते, आणि त्यांच्या दोन्ही हातांचा आकडा त्याच्या आसपास होता. पार्किन्सन बहुधा एका बाजूने सुरू होतो : चालताना एका हाताचा झोका कमी होतो, अक्षर बारीक होत जातं, मनगट फिरवून पाहिलं तर ताठरपणा लागतो. यातलं काही नव्हतं. रात्री अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट बधिर होऊन जाग येते का, हेही विचारलं, कारण ती मनगटातली नस दबल्याची खूण. तसंही होत नव्हतं. अंगठ्याच्या मुळाशी थोडी संधिवाताची सूज होती, पण चिमटीला अडथळा व्हावा इतकी नाही. डॉक्टरांनी मेंदूविकार, मधुमेह आणि थायरॉइड आधीच तपासले होते. हा त्रास एका दिवसात किंवा एका आठवड्यात सुरू झाला असता, तर मी पुढे एक पाऊलही न टाकता त्यांना डॉक्टरांकडे परत पाठवलं असतं.

आकडे काय म्हणाले

पकडीचा जोर मोजला. दोन्ही हातांचा वयाला साजेसा आला. मग परड्यू पेगबोर्ड काढला. अमेरिकेतल्या परड्यू विद्यापीठात जोसेफ टिफिन यांनी कारखान्यातले कामगार निवडण्यासाठी बनवलेली ही चाचणी १९४८ मध्ये प्रसिद्ध झाली आणि आजही वापरात आहे. भोकांच्या दोन ओळी असलेल्या फळीवर ३० सेकंदांत जमतील तेवढ्या खिळ्या बसवायच्या असतात : आधी उजव्या हाताने, मग डाव्याने, मग दोन्हींनी एकदम. शेवटी ६० सेकंदांची जुळणी. एक हात खिळी बसवतो तोवर दुसऱ्याने चकती उचलायची, ती बसेपर्यंत पहिल्याने नळी उचलायची, मग पुन्हा चकती. दोन्ही हात सतत चालू, पण दर क्षणी दोघांचं काम वेगळं.

त्यांनी उजव्याने १२ खिळ्या लावल्या, डाव्याने ११. दोन्ही हातांनी एकदम ९ जोड्या. इथपर्यंत चिंता करावी असं काही नाही. जुळणीत मात्र फक्त १३ नग झाले, आणि अर्धा वेळ एक हात दुसऱ्याचं संपायची वाट पाहत हवेत थांबलेला.

मी हे आकडे लिहून घेतले आणि तरीही पहिल्या दोन आठवड्यांसाठी पकडीचेच व्यायाम दिले. आधीचा कागद, रुग्णाचं स्वतःचं मत आणि माझी सवय, तिन्ही एकाच दिशेला बोट दाखवत होते. जुळणीतला आकडा नीट वाचला असता तर ते दोन आठवडे वाचले असते.

कात्रीकडे पाहिलं तेव्हा

तिसऱ्या भेटीत मी त्यांना कात्री आणि कापड घेऊन बसवलं आणि फोनवर संथ गतीचं चित्रण केलं. सगळा उलगडा त्या अर्ध्या मिनिटात झाला. उजव्या हाताने कात्री मिटली की त्याच क्षणी डाव्या हाताची बोटंही मिटत होती. कापड धरलेला डावा हात दर कापाला कापड थोडं गोळा करून स्वतःकडे ओढत होता. रेष डावीकडे सरकायची, कात्री सरळ जायची, आणि काप रेषेच्या उजवीकडे पडायचा. कडेवरच्या पायऱ्या त्या ओढीच्याच होत्या. कात्री धरलेला हात आपलं काम चोख करत होता.

खात्री करायला डावा हात टेबलावर सैल ठेवायला सांगितला आणि उजव्याने जोरात मूठ आवळायला लावली. डावी बोटं आपोआप वळली. त्यांना चित्रण दाखवलं तेव्हा त्या बराच वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "उजव्या हाताने केलेलं डाव्याला कळू नये म्हणतात. माझ्या डाव्याला सगळंच कळतंय."

याहून नेमकं वर्णन मी करू शकत नाही. एका हाताची हालचाल दुसऱ्यात उमटणं लहान मुलांमध्ये सर्रास दिसतं. साधारण दहाव्या वर्षापर्यंत ते मावळतं आणि उतारवयात पुसटसं परत येतं. जोर जितका जास्त, तितकं ते उमटणं ठळक. तुरपाई का टिकली, याचं उत्तर इथे मिळालं : सुईला जोर लागत नाही. कात्री, झाकण, कडक कफ यांना लागतो. आणि रबरी चेंडू दाबून त्या चार महिने नेमकी कशाची सवय करत होत्या, तेही कळलं.

मग मी बोटांची एक जुनी चाचणी घेतली. दोन्ही तर्जनी टेबलावर ठेवायच्या आणि मेट्रोनोमच्या, म्हणजे ठरावीक वेगाने ठोके देणाऱ्या यंत्राच्या, ठोक्यावर हलवायच्या. एकदा आरशातल्या प्रतिमेसारख्या, म्हणजे दोन्ही एकदम आत आणि एकदम बाहेर. दुसऱ्यांदा गाडीच्या वायपरसारख्या, दोन्ही एकाच दिशेला. पहिली तऱ्हा सोपी, कारण दोन्ही बाजूंचे तेच स्नायू एकाच वेळी काम करतात. दुसरी अवघड. १९८० च्या दशकात स्कॉट केल्सो यांनी दाखवलं की वेग वाढवत नेला की वायपरची तऱ्हा तरुणांचीही मोडते आणि बोटं आपसूक आरशाच्या तऱ्हेत जाऊन बसतात. उलटं कधी होत नाही. १९८५ मध्ये हेर्मान हाकेन, केल्सो आणि हर्बर्ट बुन्झ यांनी हे गणितात मांडलं. वय वाढलं की आरशाची तऱ्हा जवळजवळ तशीच टिकते, पण वायपरची तऱ्हा डळमळते आणि कमी वेगालाच मोडते. आमच्या बाईंची मिनिटाला ९० ठोक्यांच्या आतच मोडली. पेगबोर्डचं कोडंही यातून सुटतं : दोन्ही हातांनी एकसारखं काम म्हणजे आरशाची तऱ्हा, तिथे ९ जोड्या आल्या, वेगवेगळं काम आलं आणि मेळ गेला.

मेंदूत काय घडतं

मेंदूच्या दोन गोलार्धांना जोडणारा कॉर्पस कॅलोसम हा सुमारे २० कोटी तंतूंचा जुडगा आहे. त्याचं काम निरोप पोचवणं, असं आपण शिकतो. हालचालीच्या बाबतीत त्याचं तितकंच मोठं काम आवरण्याचं आहे. उजवा हात चालवणारा डावा गोलार्ध कामाला लागला की तो पलीकडच्याला दबकं ठेवतो. उतारवयात या जुडग्याचा पुढचा भाग, कपाळामागच्या भागांना जोडणारा, अधिक झिजतो, आणि हा आवर सैल पडतो.

दुसरा महत्त्वाचा भाग म्हणजे डोक्याच्या मध्यरेषेलगतचं पूरक चालक क्षेत्र, हालचालींची आखणी करणारा मेंदूचा भाग. कोबी ब्रिंकमन यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेला माकडांवरचा प्रयोग माझ्या मनातून जात नाही. फळीतल्या भोकात खाऊ अडकवलेला असतो. एका हाताच्या बोटाने तो वरून ढकलायचा आणि दुसऱ्या हाताची ओंजळ खाली धरायची, हे माकडाला सहज जमतं. एका बाजूचं पूरक चालक क्षेत्र काढल्यावर माकड दोन्ही हातांनी ढकलू लागलं. एक वरून, एक खालून. झेलायला कुणीच नाही. आणि नंतर कॉर्पस कॅलोसम छेदल्यावर ही खोड नाहीशी झाली. म्हणजे पलीकडच्या हाताला नको तो हुकूम त्याच पुलावरून जात होता. माझ्या बाईंचा डावा हात कात्रीबरोबर मिटताना पाहिला तेव्हा मला ती दोन ढकलणारी बोटं आठवली. त्यांच्या मेंदूत कुठे जखम नव्हती, हे मात्र पुन्हा सांगते. हे वयाचं सैलावणं होतं, आजार नव्हे.

मग हे उमटणं सरसकट दाबून टाकायचं का? तर नाही. तरुणपणी एका बाजूने होणाऱ्या कामांत वयस्कांचे दोन्ही गोलार्ध भाग घेऊ लागतात, हे निरीक्षण रॉबेर्तो काबेसा यांनी २००२ मध्ये स्मृती आणि विचारांच्या कामांबद्दल मांडलं. बेल्जियममधल्या ल्यूव्हेनच्या संशोधकांनी २००८ मध्ये मनगट आणि पाऊल एकत्र हलवणाऱ्या वयस्कांचा मेंदू पाहिला. ज्यांच्या मेंदूचे जास्तीचे भाग अधिक जागे होते, त्यांची हालचाल अधिक नेटकी होती. मेंदू जास्तीची माणसं कामाला लावतो तेव्हा त्यातला काही भाग खरी मदत असतो. म्हणून डाव्या हाताला गप्प बसवण्याऐवजी त्याला त्याचं स्वतःचं काम नेमून द्यावं, हा विचार मी धरला.

आणि डाव्याचं काम दुय्यम नसतं. इव्ह गिआर यांनी १९८७ मध्ये हे फार सुरेख मांडलं आहे : उजव्या हाताने काम करणाऱ्या माणसाचा डावा हात आधी सुरू होतो, मोठ्या आणि सावकाश हालचाली करतो, आणि उजव्यासाठी मैदान आखून देतो. लिहिताना पेन उजव्यात असलं तरी कागद डावा सरकवत असतो. बटण लावताना काजाची पट्टी डावा ताणून धरतो. उजव्याला नेम साधायला आवडतं, डाव्याला स्थिर धरायला. वय वाढतं तशी ही कामाची वाटणी पुसट होते आणि दोन्ही हात एकमेकांसारखे वागू लागतात. कात्रीपाशी घडत होतं ते हेच. धरणारा हातही कापायला निघाला होता.

त्यात बोटांच्या टोकांची भर. स्पर्श टिपणाऱ्या सूक्ष्म कुपी वयाबरोबर कमी होतात, घाम कमी झाल्याने कातडी कोरडी आणि निसरडी होते. वस्तू सुटेल या धास्तीने वयस्क माणूस लागतो त्याहून जास्त आवळून धरतो. जास्त आवळलं की जास्त उमटतं. एक चक्रच तयार होतं.

काय केलं

पहिली सुधारणा व्यायामाची नव्हतीच. मी त्यांची कात्री हातात घेऊन पाहिली. धार गेलेली, खिळा घट्ट झालेला, उघडायलासुद्धा जोर लागत होता. धार लावून, खिळ्याला तेल घालून आणल्यावर त्याच दिवशी कडेवरच्या पायऱ्या निम्म्याहून कमी झाल्या. उजव्याला जोर लागेना, म्हणून डाव्यात उमटेना. हातांना व्यायाम देण्याआधी हातातलं हत्यार तपासायचं, हा नियम मी तेव्हापासून कधी मोडला नाही.

चेंडू बंद केला. कापडावर वजनं ठेवायला सांगितली, म्हणजे डाव्याला आवळून धरायची गरजच राहिली नाही. बोटं मिटण्याऐवजी उघडा तळवा कापडावर टेकवायचा. मिटायला काही हातातच नसलं की मिटणं आपोआप निरुपद्रवी होतं.

त्यानंतर क्रम बांधला : "ठेव, काप, सरक." डावा तळवा ठेवला, थांबला, मग उजव्याने कापलं, मग डाव्याने पुढे सरकायचं. पहिले तीन आठवडे दोन्ही हात एकदम हलवायचे नाहीत, पाळीपाळीने हलवायचे. शब्द मोठ्याने म्हणायचे. मग शब्द जवळजवळ आणत नेले, आणि पाचव्या आठवड्यापासून कापता कापता सरकायला परवानगी दिली. काम करताना गप्पा बंद, रेडिओ बंद. तरुण माणसाचे हात लक्ष नसतानाही मेळ राखतात. उतारवयात तो मेळ लक्ष देऊन राखावा लागतो, आणि ते लक्ष दुसरीकडे गेलं की हात लगेच सांगतात.

सरावाच्या पद्धतीवरून आमचा खटका उडाला. मी कात्री, बटण, बाटलीचं झाकण आणि बुटाची नाडी अशी कामं मिसळून, उलटसुलट क्रमाने द्यायचे. त्यांना ते पटेना. "एक नीट होईपर्यंत दुसरं कशाला?" शिलाई शिकवताना त्या स्वतः एकच टाका शंभर वेळा घालायला लावायच्या. मिसळून केलेल्या सरावात त्या दिवशीचं काम वाईट दिसतं, पण नंतर तपासलं तर शिकलेलं जास्त टिकतं, आणि दोन हातांच्या कामांत हे वयस्कांमध्येही दिसलं आहे, हे मी त्यांना समजावलं. पटलं नाही. त्यांनी केलं मात्र, मला बरं वाटावं म्हणून.

चित्रण दर वेळी पाहायचं नाही, हेही ठरवलं. डोळ्यांसमोर सतत पडदा असला की वयस्क माणूस त्यावर विसंबतो, आणि पडदा काढला की पुन्हा मूळपदावर येतो. आठवड्यातून एकदाच पाहायचं. एरवी कापडाची ओढ तळव्याला कशी लागते तिकडे लक्ष.

सगळ्यांत मोठी युक्ती मात्र त्यांनीच शोधली. त्या कात्रीच्या टोकाकडे बघत कापायच्या. सातव्या आठवड्यात आल्या आणि म्हणाल्या की आता त्या टोकाच्या चार बोटं पुढे बघतात, तुरपाई करताना पुढच्या टाक्याची जागा बघतात तसं. मी थक्क झाले, कारण टिमथी सॉल्टहाउस यांनी १९८४ मध्ये १९ ते ७२ वयाच्या टंकलेखकांमध्ये हेच पाहिलं होतं. वयस्कांची बोटं चाचणीत मंद होती, तरी टंकलेखनाचा वेग तरुणांइतकाच, कारण त्यांची नजर मजकुरात आणखी पुढची अक्षरं वाचत होती. हात सावकाश झाले की नजरेने त्यांना आगाऊ वर्दी द्यायची.

दहा आठवड्यांनंतर

पकडीचा जोर होता तेवढाच राहिला. एकेकट्या हाताच्या खिळ्यांत फरक नाही. जुळणी १३ वरून १७ वर गेली, आणि त्यातला काही वाटा चाचणी दुसऱ्यांदा दिल्याचाही असणार. वायपरची तऱ्हा जवळजवळ त्याच ठोक्याला मोडत होती. डावा हात टेबलावर ठेवून उजव्याने मूठ आवळली तर डावी बोटं अजूनही वळत होती. मेंदूतला आवर परत आला, असं मी म्हणणार नाही. हात तेच होते, कामाची मांडणी बदलली होती.

काप मात्र सरळ पडू लागला. हातभर लांबीच्या रेषेवर कात्री शेवटच्या वितीतच थोडी हलायची, तेही थकल्यावर. सुई ओवण्यासाठी त्या आता सुई गादीत खोचून ठेवतात, म्हणजे हलणारा हात एकच उरतो. बाटलीखाली रबरी चटई आली, डाव्याने नुसतं टेकवायचं. कफच्या बटणाला आजही वेळ लागतो आणि सकाळी घाई असली तर ते मुलगी लावून देते.

सहा महिन्यांनी त्या भेटल्या तेव्हा पिशवीत एकच तुकडा होता, सुती. कड हाताने चाचपून पाहिली, पायरी लागली नाही. रेशमाचं काय, असं विचारलं. ते वजनाखालूनही निसटतं, आणि निसटलं की डावा हात आवळायला धावतो. रेशीम त्यांनी मुलीकडे दिलं आहे. आखणी स्वतः करतात, कात्री तिच्या हातात देतात.